हायकूसाठी लिहा, राजेहो

हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघायला मला अधूनमधून बोलावतात. बाहेरचा परीक्षक म्हणून. चहा-बिस्किट येतं, प्रोजेक्टर लागतो आणि एकामागून एक तेच विषय सुरू होतात: हजेरी लावणारं अ‍ॅप, हॉस्पिटल मॅनेजमेंट, संत्र्याच्या पानावरचा रोग ओळखणारं मशीन लर्निंग. संत्रं तर असतंच असतं, नागपूर आहे. पोट्टे हुशार असतात, कोडही कधीकधी खरंच चांगला असतो. पण व्हायवा आटोपली की तो प्रोजेक्ट पुन्हा कोणी उघडत नाही, लिहिणाराही नाही. म्हणून मी शेवटी विचारतो, "सहा महिन्यांनी हे कोण वापरून राहिलं असेल?" यंदा एका पोरीने सरळ मलाच विचारलं, "सर, तुम्ही लिहिता ते कोण वापरते?"

मी खरं ते सांगितलं. नागपूरच्या महाल भागातलं एक वाचनालय, आणि जर्मनीतला एक गृहस्थ, ज्याच्याकडे जुन्या कॅसेटींचा ढीग आहे. आणखी कोणी असेल तर मला माहीत नाही. अख्खा वर्ग हसला.

हसा बाप्पा. पण त्या दोघांपैकी कोणीही माझा प्रोग्रॅम "अनइन्स्टॉल" करून दुसरा शोधणार नाही, कारण दुसरा नाहीच. हा मुद्दा वर्गात नीट मांडता आला नाही, वेळ संपला. म्हणून इथे लिहितो.

मी दिवसा मिहानमधल्या एका कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रात्री मी हायकूसाठी प्रोग्रॅम लिहितो. हायकू म्हणजे कविता नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सही नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. तिचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वेगळा, डेस्कटॉप वेगळा, वंश वेगळा. अ‍ॅपल सोडून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली, तिने बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. १९९६ मध्ये अ‍ॅपल ती विकत घेईल अशी हवा होती. अ‍ॅपलने घेतली स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट. तिथून बीची उतरंड सुरू झाली आणि २००१ मध्ये हातात मावणारे कॉम्प्युटर बनवणाऱ्या पाम कंपनीने तिचा माल १.१ कोटी डॉलरला उचलला. बीओएस मात्र पुढे आणली नाही. मग ती वापरणाऱ्यांनीच त्याच वर्षी ठरवलं की आपण ही नव्याने लिहू. ओपनबीओएस नावाने सुरुवात झाली, २००४ मध्ये नाव हायकू झालं. पहिली अल्फा, म्हणजे अगदी कच्ची चाचणी आवृत्ती, २००९ मध्ये, तिच्या पुढची चाचणी आवृत्ती म्हणजे पहिली बीटा २०१८ मध्ये आणि पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. पहिली पक्की आवृत्ती अजून यायची आहे. हे ऐकून लोक पुन्हा हसतात. मला मात्र यात हसण्यासारखं दिसत नाही. बरीचशी माणसं नोकरी सांभाळून, पगार न घेता हे करत आली. २०२१ पासून देणग्यांच्या पैशातून एका डेव्हलपरला सलग पूर्णवेळ मानधन मिळू लागलं.

आता वाचनालयाचं सांगतो.

वाचनालय जुनं आहे. पुस्तकं बरीच, सभासद थोडे, त्यातले निम्मे पेपर वाचायला येणारे. कोणीतरी दान दिलेला एक ड्युअल कोर कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, २ जीबी रॅमचा. त्यावर विंडोज सुरू होईपर्यंत ग्रंथपाल काकांचा पेपर वाचून व्हायचा. नोंदी वहीतच चालायच्या. मी त्यावर हायकू टाकली. काका म्हणाले, "हे कोणतं विंडोज आहे बे?" मी म्हटलं, "काका, विंडोज नाही, हायकू." "मंग हे कविता करते का?" तेव्हा तरी करत नव्हती, पण मशीन चहा ओतेपर्यंत सुरू व्हायला लागलं. काकांना तेवढंच पाहिजे होतं.

पुस्तकांच्या नोंदी ठेवायला कोणीही आधी डेटाबेस शोधेल. मी शोधला नाही, कारण हायकूची फाइल सिस्टिमच जवळजवळ डेटाबेस आहे. बीओएससाठी डॉमिनिक जांपाओलो आणि सिरिल म्युरियों यांनी ती रचना घडवली, हायकूवाल्यांनी तीच नव्याने लिहून काढली. (जांपाओलो पुढे अ‍ॅपलमध्ये गेले आणि मॅकच्या स्पॉटलाइट शोधावर त्यांनी काम केलं.) तिथे फाइलला मजकुराखेरीज हवे तेवढे अ‍ॅट्रिब्यूट चिकटवता येतात: पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट क्रमांक, कोणी नेलं, कधी नेलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक पुस्तक म्हणजे एक फाइल, आणि ती फाइल आतून रिकामी. सगळं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. फाइल टाइप्समध्ये "पुस्तक" हा प्रकार एकदा नोंदवला की ट्रॅकर, म्हणजे तिथला फाइल मॅनेजर, हे सगळे रकाने आपोआप दाखवतो. लेखकाच्या रकान्यावर क्लिक केलं की यादी लेखकवार लागते. यासाठी मी एक ओळही लिहिलेली नाही.

खरी मजा क्वेरीत, म्हणजे साठवून ठेवलेल्या शोधात आहे. "ज्या पुस्तकांना कोणी-नेलं हे अ‍ॅट्रिब्यूट आहे ती दाखव" अशी क्वेरी करून ठेवली. ती खिडकी काका सकाळी उघडतात आणि दिवसभर तशीच राहू देतात. पुस्तक परत आलं की माझ्या फॉर्ममधलं बटण ते अ‍ॅट्रिब्यूट पुसतं, आणि त्याच क्षणी त्या उघड्या खिडकीतून ती ओळ निघून जाते. रिफ्रेश नाही, काही नाही. काकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, नोंद उडाली. मी फाइल दाखवली, त्यांनी पुन्हा पुस्तक दिलं-घेतलं करून पाहिलं, मग विश्वास बसला.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो, कोणी हे करायला घेतलं तर डोकं आपटू नये म्हणून. ज्या अ‍ॅट्रिब्यूटवर शोध घ्यायचा त्याचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, एमकेइंडेक्स कमांडने आधी बनवायचा, मगच फाइली भरायच्या. आधी भरलेल्या फाइली इंडेक्समध्ये आपोआप येत नाहीत. आणि बॅकअप घेताना फाइली तशाच पेनड्राइव्हवर ओढू नका. पेनड्राइव्ह सहसा फॅट फॉर्मॅटचा असतो, त्याला अ‍ॅट्रिब्यूट कळत नाहीत, हातात उरतील नुसत्या रिकाम्या फाइली. हायकूतल्या झिपने गुंडाळून मग न्या. ते अ‍ॅट्रिब्यूट सांभाळतं.

एवढा सगळा पसारा, आणि मी लिहिलेला भाग म्हणजे एक फॉर्म, चार बटणं आणि आठवण करून देणारी एक यादी. दुसऱ्या कुठल्या प्लॅटफॉर्मवर हे मी लिहिलं असतं तर लायब्ररी मॅनेजमेंटच्या ढिगात आणखी एक भर पडली असती. इथे मी ते हायकूपोर्ट्समध्ये, म्हणजे हायकूवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या सामायिक भांडारात टाकलं आणि कॅसेटवाल्या जर्मन गृहस्थाचं पत्र आलं: पुस्तकाच्या जागी कॅसेट लिहिता येईल असं करू का? त्यानेच ते करून पाठवलं, वर जर्मन भाषांतरही. मी त्याला ओळखत नाही. तो नागपूर ओळखत नाही; त्याने नकाशात पाहिलं आणि विचारलं की तुम्ही खरंच भारताच्या बरोबर मध्यभागी राहता का. मी त्याला झिरो माइलच्या दगडाचा आणि त्याच्या चार घोड्यांचा फोटो पाठवला.

आता मराठी माणसाला बोचेल असा भाग. वाचनालयातली सगळी नोंद मला रोमन लिपीत करावी लागली. फाँट आहे, नोटोचा देवनागरी आहे, अक्षरं दिसतात. पण हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांत जोडाक्षर जुळत नाही आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची तिथे नंतर येते. "क्षितिज" लिहिलं की क, मोडका पाय, ष आणि मग वाट चुकलेली वेलांटी. कारण सरळ आहे. लॅटिन अक्षरं एकापुढे एक ठेवली की झालं. देवनागरीला मधे एक पायरी लागते, जी अक्षरांचा क्रम लावते आणि फाँटमधून योग्य जोड उचलते. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळे तिच्याच जिवावर मराठी दाखवतात. हायकूवरही क्यूटीत, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या तयार सामानात बांधलेले प्रोग्रॅम उघडा, तिथे "क्षितिज" नीट दिसतं, कारण क्यूटी हार्फबझ सोबत आणते. अडलंय ते मूळ खिडक्या रंगवणाऱ्या अ‍ॅप सर्व्हरमध्ये.

हे कोण करणार? बर्लिनच्या माणसाला हे कधी खुपणारच नाही. त्याच्या पडद्यावर सगळं ठीक आहे. मोठ्या प्लॅटफॉर्मवर आपल्याला मराठी आयती मिळते, कारण तिथे आपण बाजार आहोत. लहान प्लॅटफॉर्मवर आपण बाजार नाही, त्यामुळे तिथे मराठी एकाच वाटेने येते: एखादा मराठी माणूस बसून लिहितो. ग्रंथपाल काकांना रोमन नोंदी अजून पटलेल्या नाहीत. "इतकी मराठी पुस्तकं आणि नावं इंग्रजीत? काऊन?" माझ्याकडे उत्तर नाही. मी अ‍ॅप सर्व्हरचा तो भाग वाचतोय, हळूहळू समजून राहिला आहे, पण हे एकट्याचं काम नाही.

सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, उघडा ठेवा, हा माझा दुसरा हट्ट. यात तत्त्वज्ञान कमी आणि अनुभव जास्त आहे, आणि तो अनुभव बीओएसच्या कबरस्तानातलाच आहे. बीओएसवर गोबी प्रॉडक्टिव्ह नावाचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं. क्लॅरिसवर्क्स बनवणाऱ्या मंडळींनीच ते बनवलं होतं. लेखन, तक्ते, चित्रं एकाच खिडकीत; जुने लोक अजून त्याची आठवण काढतात. सोर्स बंद. त्याच काळात मार्टेन हेकेलमान यांचा पी हा प्रोग्रॅमरांचा एडिटर होता. तोही विकायचाच माल, पण पुढे त्याचा सोर्स खुला झाला. आज काय आहे? ३२ बिटची हायकू मुद्दाम जुन्या कंपायलरशी (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाशी) सुसंगत ठेवली आहे, त्यामुळे नव्वदीतले बीओएसचे प्रोग्रॅम तिथे अजून चालतात. ६४ बिटवर ती सोय नाही. पी परत कंपाइल करता आला, म्हणून तो ६४ बिटवर आहे आणि लोक त्यात रोज कोड लिहितात. गोबी आला नाही, येऊ शकत नाही. जे बाइट १९९९-२००० च्या सुमारास बांधले गेले तेच शेवटचे.

लिहिणारे मरतात असं नाही, बहुतेकांना फक्त लग्न, बदली, दुसरी नोकरी यांपैकी काहीतरी होतं. मोठ्या बाजारात एक गेला की दुसरा त्याची जागा घेतो, तिथे पैसा असतो. इथे जागा घेणारा तेव्हाच येतो जेव्हा त्याला कोड सापडतो. हायकू आर्काइव्ह्ज म्हणून एक भांडार आहे, मालक सोडून गेलेल्या जुन्या प्रोग्रॅमांचे सोर्स तिथे जपून ठेवतात, आणि अधूनमधून कोणीतरी त्यातला एखादा उचलून चालता करतो. नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असं मी म्हणेन. कोऱ्या पानापेक्षा दुसऱ्याचा बंद पडलेला प्रोग्रॅम जास्त शिकवतो, आणि चालू झाल्यावर कौतुकही लगेच होतं.

लायसन्स कोणतं, यावर रात्रभर भांडणारी मंडळी मला माहीत आहेत, मी त्यांच्यात नाही. हायकूचा स्वतःचा बहुतेक कोड एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, मीही तेच लावतो. बदललेला कोडही खुला ठेवायला लावणारं जीपीएल लावायचं तर लावा. काहीच न लावता कोड टाकून देऊ नका एवढंच, कारण लायसन्स नसलेला कोड कायद्याने कोणाला हातात घेता येत नाही आणि मग तो असून नसल्यासारखा.

"अवघड असेल ना सर?" होय आणि नाही. एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिमकडून कामं करून घ्यायची पद्धत, सी++ मध्ये आहे आणि वाचला की समजतो. बीअ‍ॅप्लिकेशन, बीविंडो, बीव्ह्यू, बीमेसेज एवढ्यावर पहिली खिडकी उघडते. प्रत्येक खिडकीला आपला थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा असतो, म्हणून एक खिडकी जड कामात गुंतली तरी दुसरी अडत नाही. त्याची किंमत अशी की दुसऱ्या थ्रेडमधून खिडकीला हात लावायचा तर आधी लॉक घ्यावा लागतो. जावास्क्रिप्टवरून आलेल्यांना पहिले काही दिवस हेच रडवतं. सी++ नकोच असेल तर जुना पायथन किंवा क्यूटीचा प्रोग्रॅम पोर्ट करा, म्हणजे हायकूवर चालेल असा करा. हायकूपोर्ट्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची एक रेसिपी असते: सोर्स कुठून आणायचा, चेकसम (फाइल बरोबर उतरली का ते तपासायचा आकडा) काय, कशावर अवलंबून आहे, कसा बांधायचा, कुठे ठेवायचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती, पाठवली की कोणीतरी स्वयंसेवक ती ओळ-ओळ वाचतो. सारांशाच्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम चालत नाही, ती फार लांबही चालत नाही, आणि हे ते सांगतातच. सुरुवातीला राग येतो. पण कॉलेजात चार वर्षांत कोणी तुमचा कोड इतक्या बारकाईने वाचला होता का, सांगा.

खर्च शून्य. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाचे २५ डॉलर, अ‍ॅपलला दर वर्षी ९९. तेही एक वेळ चालेल, पण पुढचा जाच मोठा: टार्गेट एपीआय वाढवा (म्हणजे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी बांधा), नवी धोरणं मान्य करा, नाहीतर नव्या फोनवाल्यांना तुमचं अ‍ॅप दिसणार नाही. छंद म्हणून लिहिलेलं अ‍ॅप अशाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतं. हायकूवर ३२ बिटमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम डबल क्लिकने उघडतो, हे मी त्या वर्गात दाखवलं असतं तर कदाचित हसू थांबलं असतं.

उगाच गोड चित्र रंगवत नाही. थ्रीडी ग्राफिक्सला हार्डवेअरचा टेकू नाही, गेमवाल्यांनी इकडे फिरकू नये. वायफायचे बरेच ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून आणलेले आहेत. तुमच्या लॅपटॉपचं कार्ड त्यात असेल तर बरं, नसेल तर केबल ओढा. वेबपॉझिटिव्ह हा घरचा ब्राउझर आहे, जड साइटवर तो दमतो. बँकेचं काम मी स्वतः दुसऱ्या मशीनवर करतो. आणि पैसा? पैसा नाही. एकदा कोणीतरी दहा युरो पाठवतो म्हणाला, मी म्हटलं हायकूच्या संस्थेला दे.

प्लेसमेंटचं विचारणार हे माहीत आहे, आईवडील मागे बसलेले असतात. तर गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे नवख्यांना खुल्या सोर्सच्या प्रकल्पांत काम देणाऱ्या गूगलच्या कार्यक्रमात, हायकू पहिल्यांदा २००७ मध्ये निवडली गेली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं असते, त्यात मानधन मिळतं, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही अर्ज करता येतो. तिथे निवड होण्याचा रस्ता म्हणजे आधीपासून दोन-चार दुरुस्त्या पाठवलेल्या असणं. मुलाखतीत "मी फाइल सिस्टिमच्या इंडेक्सवर काम केलं" असं म्हटल्यावर समोरचा खुर्चीत पुढे सरकतो, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतोय. आमच्या कंपनीत मुलाखती मीही घेतो. संत्र्याच्या पानांवर तो सरकत नाही, माफ करा.

तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. रविवारी सकाळी मी वाचनालयात असतो, दहापासून काका कुलूप लावेपर्यंत. पत्ता मेलवर विचारा. येताना ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा, त्यावर हायकूची इमेज लिहून देतो. इन्स्टॉल न करताच चालवून बघता येते, तुमच्या हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. जुना लॅपटॉप घरात पडला असेल तर तोही आणा, बॅटरी मेलेली असली तरी चालेल, पण चार्जर लागेलच. सी++ येत असेल आणि फाँट या विषयाची भीती नसेल, तर तुम्हाला मी सरळ अ‍ॅप सर्व्हरच्या त्या फाइलपुढे बसवणार आहे. पहिल्याच रविवारी "क्षितिज" नीट दिसेल अशी अपेक्षा नाही, वेलांटी जागेवर आली तरी पुष्कळ. तर्री पोहे माझ्याकडून. उन्हाळ्यात येणार असाल तर अकराच्या आत या, वाचनालयात कूलर एकच आहे आणि तो पेपर वाचणाऱ्यांच्या बाजूला लावलेला असतो.